उचलून दाखव

तुर्भ्याच्या शोरूममधला पोरगा आधी माझ्या मागे बघतो,
कोणी सोबत आलंय का.
मग विचारतो, "मिस्टरांसाठी?"
माझ्यासाठी, म्हटल्यावर
हसत हसत स्कूटरच्या रांगेकडे वळतो.
मॅडम, डिकी मोठी, गिअरची कटकट नाही.
मला कटकटच हवी आहे
हे त्याला कसं सांगायचं?

एका काळ्या मोटरसायकलवर बसून बघते.
डाव्या पायाचा अंगठा टेकतो, उजव्याचा नाही.
"सवय होते," तो म्हणतो.
हे मी याआधी बऱ्याच गोष्टींबद्दल ऐकलंय.
साडीगार्ड फ्री आहे, असंही म्हणतो.

पहाटे साडेपाचला मी रक्त गोळा करायला निघते.
घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे.
उपाशीपोटी वाट बघत बसलेली माणसं,
माझ्या खांद्याला बर्फाचा डबा,
आणि रिक्षा मिळालीच
तर तिला नेमकं महाप्याला जायचं असतं.

लॅबमध्ये भालेराव म्हणाले मायलेज बघा.
सुजित म्हणाला पिकअप.
जाऊबाई फोनवर म्हणाल्या, काहीही घे, लाल घेऊ नको.
नवरा दोन दिवस गप्प होता.
तिसऱ्या रात्री त्याने हप्ता काढला,
कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला
आणि दिवा बंद करून झोपला.

गोठिवलीत, गावाच्या तोंडाशी, हसुराम म्हात्रेचं गॅरेज.
तीन जुन्या गाड्या भिंतीला टेकून.
त्याने किंमत सांगितली नाही.
पहिलीची पेट्रोलची चावी फिरवली
आणि तिला मातीत आडवी निजवली.
"उचल बाय. उचलली तं तुजी."

दीडशेची होती. हँडल धरून ओढली,
कमरेतून कळ गेली.
गॅरेजमधलं पोर फिसकन हसलं,
हसुरामने त्याला चहा आणायला पिटाळलं.
दुसरी गुडघ्यापर्यंत आली
आणि परत निजली.

तिसरी शंभर सीसीची, टाकीवर पोचा,
एक आरसा भलत्याच गाडीचा.
"हातांनी नाय. पाठ फिरव, सीटला टेक,
न पायानं रेटत मागं मागं चाल."
पाठ टेकली. एक पाऊल. थांबले. आणखी एक.
गादीवरून आजारी माणसाला बसतं करतात
तशी ती उठली, जडशी, कुरकुरत,
आणि मग एकदम तिचं वजनच गेलं.
बसले. दोन्ही टाचा जमिनीला.
चहा येईपर्यंत उतरलेच नाही.

रबाळ्याच्या बंद कारखान्यामागे पहिल्या दिवशी
अकरा वेळा बंद पडली.
क्लच कुठे सुटतो ते कळेना.
मग डोळे मिटले.
म्हाताऱ्या हातावर नस दिसत नाही,
बोट ठेवून थांबावं लागतं,
कातडीखालून काहीतरी बोटाला परत ढकलेपर्यंत.
तशी डाव्या मुठीत वाट बघितली,
गाडी किंचित पुढे ओढली गेली,
आणि मी म्हटलं, सापडली.

साडीगार्ड तिला आधीपासूनच होतं, गंजलेलं.
हसुरामने पाना उचलला, "कारू काय?"
असू दे, म्हटलं.
मागे कोणीतरी बसेलच की.

सोमवारी कोपरखैरण्याच्या सिग्नलला बंद पडली.
मागे रिक्षा, तिच्यामागे दुधाचा टेम्पो, दोघांचे भोंगे.
पाय टेकले. न्यूट्रलचा हिरवा ठिपका शोधला.
टेम्पोवाला काहीतरी ओरडून गेला,
हेल्मेटमध्ये अर्धंच ऐकू आलं.

बोनकोड्याला दार उघडून
आजोबा हेल्मेटकडे बघत म्हणाले, "कुरिअर?"
नाही हो, सॅम्पल.
रात्रीपासून उपाशी होते. बाही वर केली, हात पुढे केला
आणि माझं बोट लागताच दचकले.
"केवढे गार हात पोरी!"

वारा लागला, म्हटलं,
आणि नस शोधू लागले.